एल-बा साहेबांची ऑर्डर

माझ्या बायकोला, इन्साफला, तिच्या माहेरी, सोहागजवळच्या गावात पुरलं. तिची तशी इच्छा होती. दमियातहून सोहाग म्हणजे जवळजवळ अख्खा देश ओलांडून जायचं, त्यामुळे आमच्या फर्निचरच्या कारखान्यातलं कुणी तिथवर येईल अशी मी आशा धरली नव्हती. मनात एवढंच होतं, की परतल्यावर माणसं हात हातात घेतील आणि म्हणायचं ते म्हणतील.

आमच्याकडे कुणाचं माणूस गेलं की म्हणतात, "अल-बाइया फी हयातक." गेलेल्याचं उरलेलं आयुष्य तुला लाभो. त्यावर आपण म्हणायचं, "हयातक अल-बाइया." उरो ते तुझंच आयुष्य. ही वाक्यं बोलायला अक्कल लागत नाही. त्या वेळी ती कुणाकडेच नसते, म्हणून आधीच्या लोकांनी तयार करून ठेवलीत.

मी परत आलो तर कुणीच काही म्हणालं नाही.

कोरीवकामाचा शहाता माझा जुना दोस्त. माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त नाचलेला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून पटाशी चालवायला लागला. बाकीचेही तसेच. मी गादीकामाच्या टेबलाशी गेलो आणि स्प्रिंगा बांधत बसलो. वाटलं, बायको मेल्यावर माणूस दिसेनासा होत असेल. कुणी तरी आधी सांगायला हवं होतं.

मी नसताना कारखान्यात प्रगती झाली होती. आमचे मालक हाज रशवान यांनी 'दीवान' नावाचं कामाचं मेसेजिंग अ‍ॅप घेतलं होतं. दीवान बनवणाऱ्या कारखान्याने दीवान विकत घेतला, असा प्रकार. भिंतीवर पाटी लागली होती: 'बोलू नका, दीवानवर टाका.' बोलण्यात वेळ जातो आणि नोंद राहत नाही, असं इंजिनिअर नादिर यांनी हाजना पटवलं होतं. नादिर हाजचे जावई, त्यामुळे त्यांचं म्हणणं हाजना लवकर पटायचं. शेजारच्या टेबलावरचा माणूस शेजारच्याला कात्री मागायला अंगठ्याने टाइप करत होता, आणि कात्री दोघांच्या मध्ये पडलेली होती.

नादिरनी माझा फोन मागितला. उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा दोन बोटांत धरून पाहिला.

"उस्ता रागिब, हे काय आहे?"

"फोन आहे."

"याच्यावर दीवान चालत नाही. हे बनवणाऱ्यांनीच बनवायचं सोडलंय. जगात तीन माणसं वापरत असतील."

"मग बाकीच्या दोघांना विचारा ना, ते काय करतात."

"चेष्टा नको, उस्ता. दीवान दोन प्रकारच्या फोनांवर चालतं. सगळ्या जगाकडे तेच दोन आहेत."

"आणि मी कुठे राहतो?"

"बदलून टाका ना! नंबर, फोटो, सगळं नव्यात घालून देतो."

माझ्या फोनच्या पडद्यावर चौकोन आहेत. मधला सगळ्यात मोठा इन्साफचा. तिनेच तो तिथे बसवला होता, "मग म्हणायचं नाही नंबर सापडला नाही" असं म्हणून. तो चौकोन थोड्या थोड्या वेळाने आपोआप उलटतो. एका बाजूला तिचा चेहरा, दुसऱ्या बाजूला नाव. मी नादिरना विचारलं, "हे उलटणं नव्यात घालता येईल?"

त्यांनी बघितलं. "नाही, ते नव्या फोनांत नसतं. पण त्याचा उपयोग काय?"

"काही नाही," मी म्हणालो. "राहू द्या."

इंजिनिअर माणूस हार मानत नाही. त्यांनी माझ्यासाठी 'पूल' बांधला. म्हणजे दीवानवरचा मेसेज त्या पुलावरून साधा मेसेज होऊन माझ्याकडे येणार. पहिला आला. नुसती प्रश्नचिन्हं. दुसरा आला, त्यात आणखी प्रश्नचिन्हं.

"अरबी अक्षरं पुलावरून जात नाहीत," नादिर म्हणाले.

"दमियातमध्ये पूल बांधलात आणि त्याला अरबी चालत नाही?"

"पूल बाहेरचा आहे. थांबा, उपाय आहे."

उपाय म्हणजे पोरंसोरं फोनवर लिहितात तशी इंग्रजी अक्षरं. इंग्रजीत आमचे काही आवाज नाहीत, तिथे पोरं आकडे घालतात. घशात अडकतो त्या आवाजाला 2, छातीतून येतो त्या 'ह'ला 7. मला ते वाचता येत नाही. मला वाटायचं, ही मुलं सारखी हिशेबच करतात. नादिरनी कुठलं तरी बटण दाबलं, की सगळं त्या लिपीत आपोआप बदलायचं. "तुम्ही गेलात त्या दिवसापासूनचे सगळे मेसेज पाठवतो," ते म्हणाले. "तुमचं काही राहायला नको."

फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. प्रत्येक मेसेज एकच, नादिरनीच वाचून दाखवला:

'नवी ऑर्डर. गिऱ्हाईक: एल-बा. खुर्च्या: 2. गिऱ्हाईक: एया-फे. खुर्च्या: 7. पत्ता: अयातक.'

दीवान हुशार होतं. मेसेजमध्ये आकडा दिसला की ऑर्डर बनवायची, असं त्याला शिकवलं होतं. तीच ऑर्डर सगळ्यांच्या फोनवरही गेली. शहाताने बीच झाडाचं लाकूड कापायला घेतलं. मी काथ्या मागवला. नादिर म्हणाले, हे एल-बा नक्कीच आखातातले असणार, तिकडे नावं अशीच असतात, आणि एया-फे त्यांचे भागीदार. एवढ्या ऑर्डरी दीवान आल्यावरच कशा आल्या, हेही त्यांनी हाजच्या लक्षात आणून दिलं.

हाज इतके खूश झाले, की त्यांनी सगळ्यांना मशब्बक वाटलं. पाकात बुडालेलं, गरम. शहाताने माझ्यापुढे डबा धरला, पण तोंड दुसरीकडे करून. मी एक तुकडा घेतला. मशब्बक चांगलं होतं, खोटं कशाला बोला.

खुर्च्यांचे सांगाडे दारापर्यंत रचले गेले, तेव्हा ट्रक ठरवायची वेळ आली. अयातक कुणाला सापडेना. ओमानात नव्हतं, कुवेतमध्ये नव्हतं. हाज भडकले.

"मूळ मेसेज दाखवा! तीच तीच ऑर्डर, आणि पत्ता कुणाला ठाऊक नाही?"

नादिरनी ऑर्डर बनण्याआधीचा, पोरांच्या लिपीतला मेसेज उघडून फोन दिला. हाजनी चष्मा नाकावर ओढला, एका अर्धवट सोफ्यावर चढले आणि मोठ्याने वाचायला लागले. पोरांची लिपी त्यांनाही येत नव्हती, ते एकेक अक्षर जोडत होते.

"एल... बा... दोन... एया. फे. सात... अयातक. काय आहे हे? एल बादोनेया..."

मागून कुणी तरी हळूच म्हणालं, "हाज, तो दोन घशातला. सात म्हणजे ह."

"घशातला? अल-बा... इया. फे... ह... हयातक." हाज माझ्याकडे बघून ओरडले, "अल-बाइया फी हयातक! कोण आहे हा माणूस?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हयातक अल-बाइया, हाज."

रंधे थांबले. शहाताने पटाशी टेबलावर आपटली.

"आत्ता उत्तर देतोस? आत्ता? मी तेव्हाच लिहिलं होतं तुला!"

"कुठे?"

"दीवानवर! तुझं नाव होतं तिथे, सगळ्यांनी लिहिलं. पोचल्याची खूणही आली. तू एका शब्दाने उत्तर दिलं नाहीस. आम्ही म्हटलं, उस्ताला आमची गरज नाही."

"अरे गाढवा, माझ्या फोनवर दीवान नाही."

"मग सांगायचं ना!"

"कुणाला सांगू? बोलायचं नाही अशी पाटी आहे."

नादिर खाकरले. "तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर दोष उस्तांच्या फोनचा..."

"तू बाहेर जा," हाज सोफ्यावरून उतरत म्हणाले. मग त्यांनी एवढ्या खुर्च्यांकडे पाहिलं. दर नऊ खुर्च्या म्हणजे इन्साफसाठी कुणी तरी लिहिलेलं एक वाक्य, आणि त्यातले फक्त आकडे आम्ही बनवले होते. हाज माझ्याजवळ आले, हात धरला, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले, या वेळी न ओरडता. मी उत्तर दिलं. मग बाकीचे आले. रांगेने नाही, जसे जमेल तसे, लाकडाच्या भुशाचे हात घेऊन. प्रत्येकाला मी तेच म्हणत होतो. माझा आवाज बसला, तरी म्हणत होतो.

शहाता सगळ्यांत शेवटी आला. त्याने वाक्य म्हटलं, मी उत्तर दिलं, आणि तो तिथेच उभा राहिला. मग एक सांगाडा ओढून माझ्यासमोर बसला.

"काय झालं होतं रे तिला?" त्याने विचारलं.

तोवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मीही एक खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.