सुशीलाबाई पाणी का पीत नव्हत्या

न्यूझीलंडमध्येही गाड्या डाव्या बाजूनेच चालतात हे कळल्यावर सुशीलाबाईंची निम्मी काळजी मिटली होती. उरलेली निम्मी जावयाच्या गाडी चालवण्याची होती, तीही पहिल्याच दिवशी मिटली. सुदर्शनराव ती घराएवढी गाडी अशी जपून हाकत होते, की मागे ओट्यावर ठेवलेलं भांडंसुद्धा वाजत नव्हतं. गाडीत फ्रीज होता, शेगडी होती, रात्री पलंग होणारी बाकं होती. नातीने, मैत्रीने, पुढच्या सीटच्या वरचा माळा पटकावला. कर्वेनगरच्या आपल्या स्वयंपाकघरापेक्षा हा ओटा आटोपशीर आहे, असं सुशीलाबाईंनी लेकीला, कल्याणीला, दोनदा सांगितलं.

घोळ झाला तो संध्याकाळी. मुक्कामाच्या जागी शेजारच्या गाडीतले एक गृहस्थ चाकांची पेटी ओढत निघाले होते.

"निघाले वाटतं बिचारे," सुशीलाबाई म्हणाल्या.

"आई, ते सामान नाही. संडासाची टाकी आहे," सुदर्शनराव म्हणाले. "गाडीतून बाहेर काढायची आणि त्या कोपऱ्यात नेऊन रिकामी करायची. आपल्याकडे ते खातं माझ्याकडे."

सुशीलाबाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. ज्यांचे लग्नात पाय धुतले, अधिक महिन्यात ज्यांना अनारशांचं वाण दिलं, त्यांनी आता आपली घाण उचलायची. त्यांनी कप हळूच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून त्या वाटेवरच्या गावांतली सार्वजनिक शौचालयं हेरू लागल्या. शौचालयं लखलखीत होती, पण गावं लांब लांब होती आणि पुढचा मुक्काम तर तळ्याकाठी, मोकळ्या माळावर. मग त्यांनी सोपा उपाय काढला. प्यायचंच नाही.

"आई, चहा?"

"नको गं, पित्त होतं."

"संत्रं तरी खा."

"दात शिवशिवतात."

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या पायरीवरून उतरताना त्यांना गरगरलं. सुदर्शनरावांनी धरलं म्हणून निभावलं. ओठ सुकले होते, डोकं ठणकत होतं. कल्याणीचा चेहरा पार उतरला.

"परत फिरू या. मोठ्या गावात डॉक्टरला दाखवू आणि तिथून सरळ पुणं."

"अगं, पुणं कशाला लगेच?"

"बाबा गेल्यानंतर तू पहिल्यांदा घराबाहेर पडलीस, तीसुद्धा माझ्या हट्टामुळे. तुला काही झालं तर मी काय करू?"

माळ्यावरून मैत्री खाली डोकावली. सुदर्शनराव पुढे जाऊन नकाशात परतीचा रस्ता बघू लागले. आपल्या भिडेपायी या तिघांची सहल बुडणार, हे सुशीलाबाईंना लख्ख दिसलं. त्यांनी कल्याणीला मागच्या कोपऱ्यात ओढलं आणि तिच्या कानाशी लागून सगळं सांगितलं.

पण त्या गाडीत मागचा कोपरा आणि पुढची सीट यांत अंतर ते किती असणार.

"आई," पुढून आवाज आला, "कानात सांगायचं असेल तर तळ्याच्या पलीकडे जावं लागेल."

सुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. कल्याणीला हसावं की रडावं कळेना. "शाळेत पोरांना काय सांगायचीस तू? लागली की मला विचारत बसू नका, सरळ उठून जा. आणि स्वतः?"

"पोरांना जावई नसतात."

सुदर्शनराव मागे येऊन समोरच्या बाकावर बसले. त्यांना हसू येत होतं, पण जिवात जीव आल्याचंही दिसत होतं. "मी पुण्यात या टाकीचे व्हिडिओ बघून अभ्यास केला. तुम्ही परीक्षाच होऊ देत नाही."

"तुम्ही एकट्याने ती टाकी उचलायची नाही."

"मग काय करायचं?"

इतकी वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळलेल्या बाईंना उत्तर लगेच सुचलं. "पाळ्या लावायच्या. फळा पुसायला लावतात तशा. आजची माझी."

"आजी, माझी कधी?" माळ्यावरून मैत्री.

"तू हातमोजे सांभाळ."

सुदर्शनरावांनी क्षणभर विचार केला. सासूबाईंना नको म्हणणं सोपं होतं. पण मग त्या पुन्हा पाणी सोडतील. "चालेल. आधी दोन ग्लास पाणी प्या. आणि शिकवायला मी येणार. माझा क्लास फुकट नसतो, पोहे लागतील."

जवळच्या गावात टाकी रिकामी करायची जागा होती. सुशीलाबाईंनी हातमोजे चढवले, पेटी चाकांवरून ओढत नेली आणि सुदर्शनराव सांगतील तशी उपडी केली. निळं पाणी, फिनाइलसारखा वास. नळाखाली धरून खळबळली की काम झालं.

"एवढंच?"

"एवढंच. यासाठी तुम्ही दोन दिवस उपाशी."

"तहानलेल्या," त्यांनी चूक दुरुस्त केली.

गाडीत परतल्यावर त्यांनी आणखी पाणी मागितलं, मग चहा, मग संत्रं. पोहे होईपर्यंत डोक्याचा ठणका उतरला. कल्याणीने नकाशावर पुढच्या गावाचं नाव टाकलं.

थोड्या वेळाने सुशीलाबाई उठल्या आणि त्या छोट्या दाराकडे बघू लागल्या. कल्याणीला एकाएकी डोंगरांचे फोटो काढायची आठवण झाली. ती मैत्रीला घेऊन उतरली. सुदर्शनरावही उतरले आणि गाडीचे टायर तपासू लागले, एकेक, वाकून, फार मन लावून.

सुशीलाबाईंनी खिडकीतून ते पाहिलं. खुदकन हसून त्यांनी आत जाऊन कडी लावली आणि निवांत बसल्या.