शेऱ्याचा रकाना

पाण्यातलं कीटकनाशक हुडकणारी चिप सरांनी बारा वर्षं खपून तयार केली होती. केसाहून बारीक काचपट्टीतून प्रकाश धावायचा. पट्टीला विषाचा कण चिकटला, की त्या प्रकाशाची चाल किंचित बदलायची आणि पडद्यावरची रेघ चढायची. नमुना सरांनी सोडला की हमखास चढायची. सहायक बाईंनी सोडला की ढिम्म. 'हात जड आहे' असा लेखी ठपका ठेवून सरांनी बाईंना मागच्याच महिन्यात भांडारात धाडलं होतं, बाटल्यांना लेबलं लावायला.

उद्या पाणीपुरवठ्याची समिती यायची होती. तिला पटलं, की यंत्र शहराच्या टाकीवर बसणार. आणि नेमकं आज सरांना पडसं झालं.

"तोंड बांधून जा," बायकोने त्यांच्या कानांवर मास्क अडकवत बजावलं. "समितीला यंत्र द्यायचंय, सर्दी नाही."

रंगीत तालमीत सरांनी विष सोडलं. रेघ ढिम्म. पुन्हा सोडलं. ढिम्म. शेवटी त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला, यंत्रावर वाकून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि रेघ चढली.

सर हुशार होते, हीच अडचण होती. त्यांनी साधं पाणी सोडलं आणि नुसते वाकले. रेघ चढली. चिप उष्णतेला हळवी असते, हे ते दरवर्षी नव्या मुलांना शिकवत. आणि स्वतः मात्र प्रकाश बघायला झाकण काढून तिला नाक लावून बसत. बाई झाकण लावून काम करायच्या.

भांडारात सरांनी विचारलं, "बाई, तुमच्या लक्षात आलं होतं?"

"लिहिलं होतं की, सर." बाईंनी कपाटातून वही काढली. चढलेल्या प्रत्येक रेघेसमोर, शेऱ्याच्या रकान्यात, ठसठशीत अक्षरात: 'झाकण उघडे. सर वाकले होते.' आणि प्रत्येक पानाखाली सरांची झोकदार सही.

"अहो, मग तोंडाने सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, काय ते वहीत लिहा."

सरांचे कान असे तापले, की चिप जवळ असती तर रेघ छताला लागली असती. ठपका मागे घेतल्याचं पत्र त्यांनी तिथेच खरडलं; ते देताना बाईंकडे बघणं काही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर त्यांनी सिरिंज बाईंच्या हाती दिली आणि स्वतः लांब दाराजवळ जाऊन बसले. बाईंनी झाकण लावलं, नमुना सोडला. ढिम्म.

"म्हणजे पाण्यात विष नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"आहे. यंत्राला दिसत नाही," सर म्हणाले. "त्याला इतकी वर्षं माझा श्वास दिसत होता. बाईंनी लिहून ठेवलं होतं. मी न वाचता सह्या केल्या, आणि वर हात त्यांचा जड ठरवला."

समिती चहा न घेताच गेली. बाईंनी वही पुढे केली. "सही, सर."

सरांनी पान पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'झाकण बंद. सर दाराजवळ.' त्यांनी ते दोनदा वाचलं. सही केली, पण झोकदार काही आली नाही.