दुलईवरचे तण

मित्रांनो, मी एक जुने पायमशीन आहे. अंग काळ्या बिडाचे, उजव्या हाताला चाक आणि खाली पायाने हलवायचे पायडल. माझी जुळणी पूर्ण झाली त्या दिवशी तपासनिसाने माझ्या सुईखाली कोरा कागद घातला आणि दोरा न ओवताच टीप मारली. कागद उजेडाकडे धरून तो म्हणाला, "छिद्रं बघा, एका रांगेत. हे मशीन वाकडं जायचं नाही."

पुढची बावीस वर्षे मी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवल्या. माझ्यावर बसणाऱ्या बाईला सगळे कॉलरवालीच म्हणत. माझ्या सुईखाली पोलादी दाते आहेत. ते कापड पकडतात आणि सरळ पुढे ढकलतात. "मला डुलकी लागली तरी हे बरोबर जातं," असे ती म्हणायची. मुकादम नव्या बायकांना मुद्दाम माझी टीप दाखवायला आणत असे. मग कारखान्यात विजेची मशिने आली आणि आम्हा दोघांनाही एकाच आठवड्यात निरोप मिळाला. तिने मला हातगाडीवर घालून घरी नेले.

घरी तिचे बाबा होते. रोपवाटिकेत त्यांनी चाळीस वर्षे माळीकाम केले होते. त्यांची दृष्टी हळूहळू गेली. आधी कडेचे दिसेनासे झाले, मग मधले. त्यानंतर त्यांचे बोलणेही आटले. ते भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसून राहत. ताट पुढे आले की जेवत, उचलले की थांबत.

त्यांचे पाय गार पडत, म्हणून कॉलरवालीने दुलई शिवायला घेतली. खालीवर पांढऱ्या चादरी, मध्ये कापूस. मी सवयीने सरळ टिपा मारल्या. तिने ती दुलई बाबांच्या पायांवर घातली, तेव्हा त्यांनी टिपांवरून बोट फिरवले आणि कितीतरी महिन्यांनी आपणहून तोंड उघडले.

"हे काय, कुंपण घातलंयस का?"

तिच्या लगेच ध्यानात आले: कुंपण बोटांना कळते, तर पानही कळेल!

दुसऱ्याच दिवशी ती नव्या दुलईवर पान शिवायला बसली. मी कापड सरळ ढकलत होतो, ती ते वळवत होती. दोन सुया मोडल्या. शेवटी तिने मिस्त्रीला बोलावले. त्याने माझ्या पोटाखालचा स्क्रू फिरवून दाते खाली उतरवले आणि कापड दाबून धरणारी पट्टी सैल केली.

"आता मशीन कापड ओढणार नाही. सुई नुसती वरखाली होईल," तो म्हणाला. "कापड तुम्ही फिरवायचं, हवं तिकडे. पण हात आणि पाय एका तालात ठेवा, नाहीतर सगळा बट्ट्याबोळ होईल."

खरे सांगतो मित्रांनो, मला फार अपमान झाल्यासारखे वाटले. ज्या दात्यांनी मला नाव मिळवून दिले, तेच काढून घेतले होते. पहिले आठ दिवस टाके कधी मुंगीएवढे पडत, कधी बोटभर. खाली दोऱ्याचा गुंता होई. मग एका दुपारी तिचे हात न थांबता देठावरून शिरेत गेले, शिरेतून कडेवर आले आणि तिथून पुढच्या पानात शिरले. टिपेच्या दोन्ही अंगांना कापूस फुगून वर आला. त्या दिवशी मला माझा अपमान आठवला नाही.

ती कापड घेऊन धावत गेली. "बाबा, ओळखा. नेचा आहे."

त्यांनी बोट फिरवले. "नेचा? हा माशाचा काटा आहे."

"मग कसा असतो?"

"कोवळं टोक आधी गुंडाळलेलं असतं, गोगलगाईसारखं. मग ते उलगडत जातं. चल, बस मशीनवर. मी सांगतो."

तेव्हापासून बाबांची खुर्ची माझ्या शेजारी आली. ते सांगत, ती शिवे. भोपळ्याच्या वेलीचे आधाराला गुंडाळणारे ताणे, गवताची पाती, जास्वंदीची दातेरी पाने. पसंत पडले नाही की ते चिडत. "पान देठाला असं चिकटतं होय? उसव ते!" ती उसवायला बसे, आणि उसवताना गालातल्या गालात हसे.

दुलईच्या मधोमध काय घ्यायचे, असे तिने विचारले. बाबा म्हणाले, "तण घे. वाफ्यांतून उगवतं ना, बारीक पानांचं, ते. जन्मभर उपटत आलो. एकदा तरी त्याला राहू दे."

ते शिवून झाल्यावर त्यांनी सगळी दुलई चाचपली. "मुळं कुठे आहेत?"

"मुळं जमिनीत असतात बाबा. ती कुठे दिसतात?"

"मला तर काहीच दिसत नाही. म्हणून काय पानं नाहीत?"

मग आम्ही मुळे शिवू लागलो. नेच्याची झाली, वेलीची झाली, गवताची झाली, जास्वंदीची झाली. तेवढ्यात बाबांना ताप आला. फक्त तणाची राहिली होती. तिने दुलई तशीच त्यांच्या अंगावर घातली. पाचव्या दिवशी सकाळी ते गेले, तेव्हा त्यांचा हात भोपळ्याच्या पानावर होता.

तिने दुलई पेटीत ठेवली आणि माझ्यावर चादर टाकली. ती एका लाँड्रीत नोकरीला जाऊ लागली. दोन वर्षे माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांचे ढीग साचले. माझा पट्टा सुकला, चाक जाम झाले. शेवटी तिने मिस्त्रीला सांगितले, "घेऊन जा. भंगारात काय यायचं ते येऊ दे."

मिस्त्रीने चाकाला जोर लावून पाहिला. "मोडलेलं नाही हो. तेल सुकलंय. दोन दिवस द्या." त्याने रॉकेल घातले, गंज पुसला, पट्टा बदलला. चाक फिरले तेव्हा त्याने विचारले, "दाते वर करून ठेवू? सरळ शिवणीला गिऱ्हाईक मिळेल."

तिने ते चाक एकदा स्वतः फिरवून पाहिले. मग तिने पेटी उघडली. "नको. एक काम राहिलंय."

पण तणाची मुळे कशी असतात, हे तिला ठाऊक नव्हते. ते विचारायचे राहूनच गेले होते. ती खुरपे घेऊन बाहेर गेली. रस्त्याच्या कडेचे त्याच तणाचे एक रोप तिने मातीसकट उचलले, पाण्यात हलवून धुतले आणि माझ्या शेजारी ओल्या फडक्यावर ठेवले. रोप वीतभर, मुळे हातभर! त्यांच्याकडे पाहत पाहत ती शिवत गेली. मध्ये डोळे पुसायला थांबली, तेव्हा मीही थांबलो. शेवटचा टाका पडल्यावर तिने ते रोप एका डब्यात लावले, पाणी घातले आणि बाबांच्या खिडकीत ठेवले. माळ्याच्या मुलीने तण लावले.

मित्रांनो, माझ्यासारखे यंत्र तुमच्या घरी असेल, तर त्याला वेळेवर तेल द्या. आणि घरातल्या ज्या माणसाला काही ठाऊक आहे, त्याच्या शेजारी जाऊन बसा, त्याला विचारा, त्याच्यासमोर करून पाहा. तुम्ही चुकाल, तो चिडेल. चिडू द्या.