नमनाची बावीस सेकंदं

अम्माराला लढता येत नसे, हे आधीच सांगितलेलं बरं. तिला म्हणजे तिच्या लॅपटॉपमधल्या तलवारवाल्याला. समोरून एखादा फाटका दरोडेखोर आला, की ती आधी भलतंच बटण दाबे, ढाल उचलायच्या जागी घोड्यावरून उतरे, आणि तो दरोडेखोर लोळेपर्यंत तीन-तीन मिनिटं जात. वरद म्हणे, "अगं, तो कंटाळूनच मरत असेल." पण तिला जिंकायची घाईच नव्हती. लढाई चालू असेतो लढाईचं संगीत वाजतं, आणि ते संगीत तिनं स्वतः केलेलं होतं.

अम्मारा लोणावळ्यातल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर होती. वडील गफूरभाई लग्नाला, उरुसाला, जत्रेला स्पीकर भाड्यानं देत. बाजारात त्यांचं 'गफूर साऊंड सर्व्हिस' नावाचं दुकान. त्यामुळे माइक कुठे धरायचा आणि आवाज कुठे फाटतो, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. वरद तळेगावचा, तिच्या कॉलेजातला मित्र, आता एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा. दोघांना एकच परदेशी गेम आवडे. त्या गेमची एक सोय अशी, की खेळणाऱ्याला मूळ संगीत काढून आपलं घालता येतं. अशा बदलाला मॉड म्हणतात. दोघांनी मिळून एक मॉड केलं: संगीत तिचं, जोडाजोड त्याची. नाव ठेवलं 'मावळ पॅक'.

त्यातला जीव होता टाकव्याच्या दत्तोबा गोंधळ्यांचा संबळ. अम्मारा सुट्टीच्या दिवशी लोकलनं कान्हे स्टेशनला उतरून जीपनं टाकव्याला जाई. अशा पाच खेपा झाल्या तेव्हा कुठे सत्तरीचे दत्तोबा तयार झाले, तेही अट घालून.

"देवाचं नमन झाल्याबिगर माजा हात चालत न्हाई," ते म्हणाले. "आन तू बी ते कापायचं न्हाई, पोरी."

"नाही कापणार, आबा," ती म्हणाली, आणि शब्दाला जागली. बाराही तुकड्यांच्या सुरुवातीला बावीस सेकंदं नमनाची. संथ, खोल ठोके, एकेक मोजून टाकलेला. त्यानंतर संबळ असा सुटे, की बसलेला माणूस उठून उभा राहावा.

पॅक इंटरनेटवर गेलं त्याला दोन वर्षं झाली होती. चार हजार लोकांनी ते उतरवून घेतलं. खातं वरदच्या नावावर होतं, म्हणून लोकांचे निरोपही त्यालाच येत आणि तो दर रविवारी ते तिला पाठवी. ब्राझीलचा एक जण म्हणतो, अंगावर काटा आला. पोलंडची एक बाई म्हणते, या संगीतासाठीच मी मुद्दाम भांडणं उकरून काढते. एकदा कुणीतरी व्हायोलिनची तारीफ केली होती. वरदनं लिहिलं, "परदेशी माणसाला संबळ काय कळणार." त्यावर दोघंही खूप हसले होते.

ही कौतुकं अम्मारा घरी वाचून दाखवी आणि टाकव्याला गेली की दत्तोबांनाही. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढे. त्यांनी ती देवळात सांगितली, न्हाव्याकडे सांगितली, व्याह्यांना तर दोनदा सांगितली. गेल्या चैत्रात गावच्या जत्रेत सरपंचांनी त्यांना शाल आणि नारळ दिला. टाकव्याचा संबळ जगात वाजतोय, असं माइकवरून जाहीर झालं, आणि तो माइक गफूरभाईंचा होता.

मग चैतालीची मेल आली. ही नाशिकची कॉलेजातली मुलगी. पॅकसोबतच्या माहितीच्या फाइलीत तिला अम्माराचा पत्ता सापडला होता. 'ताई, किल्ल्याच्या दरवाजापाशी लढाई संपली तरी लढाईचं संगीत थांबतच नाही. सगळे मेलेत, मी एकटी उभी आहे आणि ते आपलं वाजतंय.'

अम्माराला तक्रारीचाही आनंद झाला. दोन वर्षांत थेट तिला लिहिणारं हे पहिलं माणूस. मंगळवार होता, हॉटेल रिकामं होतं. तिनं सवडीनं उत्तर लिहिलं. अशा दुखण्याची कारणं ठरलेली असतात: एखादा शत्रू भिंतीत अडकून जिवंत राहतो आणि गेमला वाटतं लढाई चालूच आहे, किंवा दुसरं एखादं मॉड आडवं येतं, किंवा तुकडा कुठे संपवायचा ते लिहायचं राहून गेलेलं असतं. 'तू खेळताना रेकॉर्ड करून पाठव, मी बघते.'

चैतालीनं पाठवलं. अम्मारानं हेडफोन लावले. किल्ला तोच, दरवाजा तोच. वाजत होती व्हायोलिनं आणि तुताऱ्या. संबळाचा ठोकाही नाही.

'हे आमचं नाही गं. तू दुसरं काहीतरी टाकलेलं दिसतंय,' तिनं कळवलं. पोरगी चिकाटीची. तिनं गेम पुसून पहिल्यापासून टाकला, फक्त 'मावळ पॅक' घेतलं आणि पुन्हा रेकॉर्ड करून पाठवलं. पुन्हा व्हायोलिनं.

तेव्हा अम्मारानं ते केलं, जे दोन वर्षांत तिनं एकदाही केलं नव्हतं: आपलं पॅक इतर लोक घेतात तसं इंटरनेटवरून उतरवून घेतलं. आधी करायचं कारणच काय होतं? तिच्या लॅपटॉपवर वरदनं स्वतः बसून ते घालून दिलं होतं. घरचा डबा कुणी दुकानातून विकत आणतं का?

उतरवलेल्या पॅकमध्ये तिचे बाराही तुकडे होते. शेजारी दुसरे बारा होते, अनोळखी. यादीच्या फाइलीत प्रत्येक तुकड्यापुढे एक आकडा असतो, शंभरातून किती वेळा तो वाजावा याचा. अनोळखी तुकड्यांपुढे शंभर. तिच्या बाराही तुकड्यांपुढे शून्य. फाइलीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची, पॅक बाहेर पडल्यानंतर अकराव्या दिवसाची. मग तिनं आपल्या लॅपटॉपवरची यादी उघडली. तिथे तिच्या तुकड्यांपुढे शंभर होते.

म्हणजे सबंध दुनियेत तिचं संगीत एकाच ठिकाणी वाजत होतं, आणि ते ठिकाण तिच्या मांडीवर होतं.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. शत्रूनं केलं असतं तर तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या आणि जेवायला बसली असती. इथे तिला शिवीही सुचेना. काउंटरवर हात ठेवून ती उभी राहिली, आणि एका पाहुण्यानं दोनदा खोलीची किल्ली मागितली ते तिला ऐकू आलं नाही.

वरद शनिवारी दुपारी दुकानात आला. गफूरभाई एका साखरपुड्याला स्पीकर लावायला गेले होते. तिनं लॅपटॉप त्याच्यासमोर धरला आणि शून्यावर बोट ठेवलं. त्यानं नाकारलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

"पहिल्या दहा दिवसांत चाळीसेक तक्रारी आल्या होत्या," तो म्हणाला. "लोक वाटेल ते लिहीत होते. पानावरच्या मी काढून टाकल्या. पॅक बाहेर पडल्याचं तू तेव्हाच आबांना सांगून आली होतीस, ते सगळीकडे सांगत सुटले होते. मला तुला सांगवेना. म्हटलं, तात्पुरतं दुसरं काहीतरी लावू. फुकटचं तयार संगीत मिळतं, ते लावलं. मग लोकांना ते आवडायला लागलं."

"आणि ते तू मला पाठवत राहिलास."

"तू इतकी खूश होतीस, अम्मारा."

"काय लिहिलं होतं लोकांनी? दाखव."

त्यानं ते पुसलं नव्हतं. फोनमध्ये जपून ठेवलं होतं. कशासाठी, ते त्यालाच माहीत. ती वाचत गेली. 'कुठेतरी लांब कुणी कपडे धोपटतंय असं वाटतं.' 'लढाई संपते तरी संगीत सुरूच होत नाही.' 'दर वेळी तेच चार ठोके, झोप येते.' चाळीस माणसं, चाळीस तऱ्हा, आणि तक्रार एकच. दहाव्या तक्रारीपाशी तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"वरद, तुझी एक लढाई किती वेळ चालते?"

"बारा सेकंद. फार तर पंधरा. का?"

"आणि बाकीच्यांची?"

"तेवढीच. जरा बरा खेळणारा असला तर त्याहून कमी."

बावीस सेकंदं नमन. बारा सेकंदांची लढाई. चार हजारांतल्या एकाही शहाण्याच्या कानावर खरा संबळ पडलाच नव्हता. प्रत्येक लढाई नमनातच संपत होती आणि पुढची पुन्हा नमनापासून सुरू होत होती. तो ऐकला होता फक्त अम्मारानं, कारण जगात तिच्याइतकं वाईट कुणी लढत नव्हतं.

"तू रोज खेळतोस," ती म्हणाली. "तेव्हा तुलाही नमनच ऐकू आलं असणार. तुला कधी वाटलं नाही की काहीतरी चुकतंय?"

वरद दुकानातल्या स्पीकरच्या जाळीकडे बघत राहिला. "मला वाटलं, तुझं संगीतच तसं आहे."

हे त्या शून्याहून जास्त लागलं.

"चोरलं असतंस तर बरं झालं असतं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला नाही याचं तिलाच नवल वाटलं. "मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तू माझी शिकायची दोन वर्षं घेतलीस. ही चूक एका संध्याकाळची होती. चाळीस माणसं मला ती सांगत होती, वरद. तू मध्ये उभा होतास."

"मी आजच परत सगळं लावतो."

"नको. खात्याचा पासवर्ड दे."

त्यानं दिला. जाताना तो दाराशी जरा घुटमळला. तिनं वर पाहिलं नाही.

पुढच्या मंगळवारी ती रजा टाकून टाकव्याला गेली. वाटभर तिनं मनात दहा तऱ्हांनी वाक्यं जुळवली आणि दत्तोबांसमोर बसल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. सरळ सांगून टाकलं. दत्तोबा संबळाची दोरी ताणत होते. त्यांचे हात थांबले.

"मंग लोकांनी आयकलं ते कुनाचं?"

"कुणाचं तरी. आपलं नाही."

"आपलं आवडलं न्हाई व्हय त्यांला?"

"ऐकलंच नाही, आबा. नमन संपायच्या आत त्यांची लढाई संपते."

दत्तोबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की एवढी शिकलेली पोर आणि एवढंही कळू नये. "अगं, मंग नमन लढाईच्या आदी वाजवायचं. गडी समूर दिसला की नमन, आन पयला वार पडला की पुढचं. लढाईच्या मदी नमन कोन करतं? तवाच इचारलं असतंस, तर तवाच सांगितलं असतं."

एका वाक्यात काम झालं. अम्माराला हसू आलं आणि ते मधेच अडकलं, कारण दत्तोबा हसत नव्हते. खुंटीवर प्लास्टिकच्या पिशवीत जत्रेतली शाल घडी करून टांगलेली होती. तिकडे न बघता ते म्हणाले, "मी लय जनांला सांगून ठिवलंय. आता कुटं कुटं जाऊन सांगू, पोरी?"

चहा आला, तो दोघांनी प्यायला.

दुरुस्तीला खरोखरच एक संध्याकाळ लागली. गेमला शत्रू दिसल्याची वेगळी खूण असते. तिथे तिनं नमन बसवलं. पहिला वार पडला की संबळ. अनोळखी बारा तुकडे काढून टाकले, स्वतःच्या तुकड्यांपुढे शंभर लिहिलं, शेवट नीट लिहिला आणि पॅक पुन्हा चढवलं. काय बदललं आणि आधी काय वाजत होतं, तेही पानावर स्पष्ट लिहिलं.

दुसऱ्या दिवशी वरदचा निरोप आला: 'ऐकलं. फार सुंदर झालंय. खरंच.' खरं असेलही. पण हेच शब्द तो दोन वर्षं दर रविवारी पाठवत आला होता, आणि यावेळचे वेगळे कसे ओळखायचे, ते तिला कळेना. तिनं उत्तर दिलं नाही. दुपारी चैतालीची मेल आली: 'ताई, थांबतंय आता नीट. आणि अंगावर काटा आला.' चैतालीशी तर तिचं काहीच वाकडं नव्हतं. तरी तिनं ती मेल दोनदा वाचून बंद केली. आनंद व्हायला हवा होता. तो येता येता कुठेतरी वाटेत बसला होता.

शुक्रवारी गफूरभाईंनी दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर सगळे तुकडे लावले. बाजारातले दोघे-तिघे थबकून ऐकायला लागले. शेवटचा तुकडा संपला तशी गफूरभाईंनी मान डोलावली.

"झकास झालंय."

"अब्बा, खरं सांगा."

सत्तावीस वर्षांत तिनं त्यांना असं कधी विचारलं नव्हतं. ते जरा चमकले. "खरंच सांगतोय की."

"आवडलं नसतं, तर सांगितलं असतंत?"

लेकीला वाईट वाटेल असं गफूरभाईंनी आजवर कधी काही सांगितलेलं नव्हतं, आणि खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. ते खाली वाकून वायर गुंडाळायला लागले.