डाव्या सीटचा खळगा

गाडीच्या डाव्या सीटमधला खळगा मधोमध नव्हता. तो दाराच्या बाजूला चार बोटं सरकलेला होता आणि त्याची दाराकडची कड आतल्या कडेपेक्षा जास्त उतरती होती. बाकीच्या सीटवर अंगठा दाबून सोडला की फोम हळूहळू वर येई. खळग्यातही तो तितकाच वर येई, पण खळगा मात्र जागच्या जागी राही.

ती जागा चांगुणाबाईंची. ह्यांची पहिली बायको. मी लग्न होऊन बेलापूरला आले तेव्हा त्या जाऊन वर्ष उलटलं होतं, तरी घरात त्या थोरली आणि मी धाकटी. माझ्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी थोरलीचा चांदीचा टाक होता. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं तो घालायचा, नव्या साडीचा पदर आधी त्याला लावायचा, गोडाचा घास आधी त्याला दाखवायचा. सासूबाईंनी त्यात गाडीचीही भर घातली होती. बसण्याआधी टाक सीटला टेकवायचा आणि मनात म्हणायचं, बाई, बसू का? मी ओठ हलवत असे, एवढंच.

गाडी लाल, परदेशी बनावटीची, दोनच सीटांची. नगरच्या कॅम्पातला कुणी लष्करी अधिकारी बदलून गेला, त्याच्याकडून ह्यांनी हौसेनं घेतलेली. टप कापडाचा, तोही बहुतेक वेळा खाली केलेला. चावडीपाशी बसणारे म्हणत, काकासाहेबांनी एवढा ऊस घातला कारखान्याला, पन टपापुरता उतारा न्हाई पडला. हे हसून हात हलवत आणि गाडी पुढे काढत. चालवताना हे वेगळेच दिसत, घरी कधी दिसत नसत इतके मोकळे.

थोरलीचा फोटो मला छळत नव्हता. तिच्या साड्या, तिनं लावलेली जाई, तिच्या हातच्या मसाल्याची सासूबाईंनी काढलेली आठवण, हे सगळं मी सहन करू शकत होते. खळगा सहन होत नव्हता, कारण गाडी उजवीकडे वळली की मी आपोआप त्यात घसरत असे. दुसऱ्या बाईच्या अंगाच्या साच्यात मला बसवलं जाई, आणि तेही ह्यांच्या शेजारी.

लग्नाआधी मी नगरच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. दिसेल त्यावरून अनुमान काढायची सवय लागलेली. रबर ऊन-वाऱ्यानं आणि वजनानं थकतं, तसा हा थकलेला खळगा, असं मी धरून चालले. तो दाराकडे आहे, म्हणजे ती दाराला टेकून बसत असणार, ह्यांच्यापासून अंग चोरून. फार जवळीक नसावी. मी मुद्दाम गिअरच्या दांड्याकडे सरकून बसू लागले. ह्या अनुमानावर मी दोन वर्षं काढली आणि त्या दिवसांत मला झोपही बरी लागे.

सीटांचं कातडं उन्हानं तडकलं होतं. शिवणी उसवल्या होत्या, साडीचे धागे ओढले जात. बदलू या, असं हे म्हणत, आणि मग गळीत हंगाम संपू दे, पाऊस होऊन जाऊ दे, आईला विचारू दे. सासूबाईंनी अखेर परवानगी दिली ती एका अटीवर. वरचं कातडं बदला, पन आतलं हलवू नका, थोरलीची जागा हाय ती. हे लगेच कबूल झाले. आईपुढे ह्यांचं काही चालत नाही, असं मी तेव्हा समजले.

श्रीरामपुरात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर सहादेव कुशनवाल्याचं दुकान होतं. पूर्वी तो टांग्यांच्या बैठका भरायचा, आता ट्रक आणि जीपच्या सीटा करत होता. एकाहत्तर सालच्या थंडीतली सकाळ होती. त्यानं दोन्ही सीटा सोडवून फळीवर मांडल्या आणि जुन्या कव्हरच्या शिवणी एकेक करून उसवल्या. जुने तुकडे नव्या कातड्यावर ठेवून त्यांच्या कडेनं कापायचं, अशी त्याची रीत. म्हणून तो एकही तुकडा फाटू देत नव्हता. हे दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मी आत होते.

डाव्या सीटचा फोम उघडा झाला तेव्हा मी वाकून बघितलं. वजनानं दबलेल्या फोमची छिद्रं चपटी होतात. इथली छिद्रं उघडी होती, पात्यानं सरळ छेदलेली. कडा मात्र घासून घासून उतरत्या केलेल्या होत्या.

"हा झिजलेला नाही," मी म्हणाले. "हा कापलाय."

"मीच कापलाय की, वहिनी," सहादेव म्हणाला. "थोरल्या बाईंसाठी."

मग हातातलं काम न थांबवता त्यानं सांगितलं. बाईंच्या डाव्या खुब्याच्या हाडाचं दुखणं होतं. नगरला दवाखान्यात न्यावं लागे, आणि रस्त्यात खड्डा आला की त्या कळवळत. काकासाहेब त्यांना इथं घेऊन आले, ह्याच फळीवर सीट ठेवून बसवलं. थोडं कापायचं, बसवायचं, विचारायचं, पुन्हा थोडं कापायचं. कुठं टोचतं ते काकासाहेब स्वतः खाली हात घालून बघत होते.

"कडा घासायच्या राहिल्या, तर म्हनलं मी करतो. पन न्हाई म्हनले. पॉलिशपेपर घिऊन हितंच बसले, दिवस मावळस्तवर. शेवटचा हात त्यांचाच हाय ह्याच्यावर."

घरी पाण्याचा तांब्या स्वतः न उचलणारा माणूस. मला ताप आला तेव्हा दारातून विचारून गेलेला माणूस. मी त्या कडेवरून बोट फिरवलं. कुठेही खरखर नव्हती. ती दाराकडे बसत होती ती ह्यांच्यापासून लांब राहावं म्हणून नाही. ह्यांनीच तिला तिथे जपून बसवलं होतं. मला तिचा हेवा वाटला, आणि तेवढ्यावर भागलं नाही. तिच्या दुखण्याचाही वाटला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच वाटलं होतं.

सहादेवनं कात्री खाली ठेवली. खळगा तसाच ठेवला तर नव्या कातड्याला महिन्याभरात सुरकुत्या पडतील, फोम नवाच पाहिजे, असं त्यानं ह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. हे पायरीवरून आत आले.

"आईनं सांगितलंय," हे म्हणाले. "आतलं हलवायचं नाही."

"हा आईंनी नाही घासलेला," मी म्हणाले.

सहादेव एकदा ह्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिला.

"वहिनी, मग तुमीच सांगा. गाडीत तुमी बसनार."

मला सांगता आलं असतं. ह्यांनी विरोध केला नसता, हेही मला दिसत होतं. पण मग फोम टाकला असता मी, आणि खळगा ह्यांच्याजवळच राहिला असता. जन्मभर.

"मी नाही सांगणार," मी ह्यांना म्हणाले. "माझ्याकडून वदवून घेऊ नका. तुम्ही केलाय, तुम्हीच सांगा."

ह्यांनी खळग्यात तळहात ठेवला. हात नेमका कुठे ठेवायचा हे त्यांना शोधावं लागलं नाही. मी दुसरीकडे बघू शकले असते, पण बघितलं नाही.

"नवा घाल," हे म्हणाले. "पण हा डिकीत ठेव. घरी नेऊ."

"घरी कुठं?"

"माळ्यावर राहील."

"आणि खाली मी झोपायचं."

सहादेव उठला आणि उगाच मागच्या बाजूला सुतळी शोधायला गेला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, निदान ते माझ्यावरचं काहीतरी असतं. पण डोळ्यांत राग नव्हता. अवघड उदाहरण समोर असलं की मुलं फळ्याकडे बघतात तसे हे माझ्याकडे बघत होते, आणि इतका वेळ ह्यांनी माझ्याकडे आधी कधी बघितलं नव्हतं.

मदत करायची नाही, असं ठरवून उभी राहिले.

ह्यांनी हात उचलला. हाताला लागलेली फोमची पिवळी भुकटी धोतराला पुसली.

"सहादेव," ह्यांनी हाक मारली. तो सुतळीचा गुंडा घेऊन आला.

"डिकीत ठेवू नको. जुना इथंच राहू दे."

"म्हंजे नेनार न्हाई?"

"नाही," हे म्हणाले. "न्यायचा नाही."