पाच थडग्यांवरची फुलं

“नाव आणि दोन तारखा कोरतो. खालचे शब्द माझ्याच्याने होणार नाहीत,” पाथरवट म्हणाला आणि त्याने कागद परत सरकवला.

समोर बाजारपेठेतला शिंपी उभा होता. साठी उलटलेली, गळ्यात मोजपट्टी तशीच. काढायचं भानच राहिलं नव्हतं. ज्या मास्तरांच्या थडग्यासाठी दगड हवा होता, त्यांच्याशी त्याने रीतसर, तिथल्या कायद्याने लग्न केलं होतं. संसार लग्नाच्याही आधीपासूनचा, एकतीस वर्षांचा. कागदावर मास्तरांच्या नावाखाली त्याने लिहिलं होतं, ‘प्रेमळ पती’.

“दोन पुरुषांचं लग्न आमच्या धर्मात बसत नाही. ‘जिवलग मित्र’ कोरू का?”

शिंप्याने हात जोडले. “मित्र मला पुष्कळ आहेत हो. हे एकच होते.”

पाथरवट बधला नाही. गावात दगड कोरणारा तो एकटाच. शेवटी नावाखालची जागा कोरीच राहिली आणि दगड तसाच दफनभूमीत उभा राहिला.

पाथरवट वाईट माणूस नव्हता. प्रार्थना केल्याशिवाय छिन्नीला हात लावत नसे, कुणाला फसवत नसे. आपल्यातले बहुतेक जण असेच असतात, म्हणून तर ही गोष्ट सांगायची. दगड उभा करून तो घरी जेवायला बसला आणि आपण धर्म कसा राखला ते त्याने मोठ्या फुशारकीने आईला सांगितलं.

आईने वाढता हात आखडला. “मागच्या महिन्यात त्या दारुड्याच्या दगडावर काय कोरलंस?”

“तेच. प्रेमळ पती.”

“बायकोचा हात दोनदा मोडला होता मेल्याने! तेव्हा तुझा धर्म कुठे पेंगत होता?”

“अगं, ते तिने लिहून दिलं होतं. मी कोण ठरवणार?”

“मग आज कोण झालास?”

पाथरवटाने हातातला घास ताटात टाकला. “म्हणजे मी माझी श्रद्धा सोडू?” तो चिडून म्हणाला.

“सोड कोण म्हणतंय? तुला पटतं ते मान, प्रार्थनेला जा. मीही येते. पण दगडावरचा शब्द ज्याचं माणूस गेलं त्याचा असतो, बाळा.” म्हातारी त्याच्या ताटासमोर बसली. “तुझे वडील गेले तेव्हा तू चार वर्षांचा. आपला पंथ इथे नवा होता. आपलं चिन्ह कोरायला तेव्हाच्या पाथरवटाने नकार दिला. माझ्या धर्मात बसत नाही, असंच म्हणाला तोही! मग ह्यांना तसंच पुरलं, भिंतीपाशी, बिनदगडाचं. पुढे तिथे तशी पाच थडगी झाली. ह्यांचं कुठलं, ते मला आता ओळखू येत नाही. म्हणून दर वर्षी पाचांवर फुलं ठेवते. एक तरी ह्यांचं असेल! पुन्हा कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून तुझ्या हातात छिन्नी दिली रे मी.”

दर वर्षी फुलांची टोपली तोच धरत असे. पाच थडग्यांवर का, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

तरी मीपणा आडवा आलाच. तीन दिवस त्याने दफनभूमीकडे पाऊल टाकलं नाही. चौथ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन दफनभूमीत गेला, तर शिंपी दगडापुढे बसलेला. हातात कपडे बेतायची मोठी कात्री, तिचं टोक मोडलेलं, बोटांना रक्ताळलेली चिंधी. नावाखाली त्याने स्वतःच दोन शब्द खरवडले होते. उभ्या दफनभूमीत इतकी वेडीवाकडी अक्षरं दुसरी नव्हती!

“चुकलं माझं,” पाथरवट म्हणाला. “सरका, मी नीट कोरून देतो.”

“आणि तुमचा धर्म?”

“तो माझ्यापाशी राहील. तुमच्या दगडावर त्याचं काय काम?”

शिंप्याने कात्रीवरची दगडाची भुकटी पुसली. मग म्हणाला, “मी हात जोडले होते तुमच्यापुढे. आता नको. झालंय माझं.”

पाथरवट पिशवी उचलून परत आला. ती अक्षरं आता त्याला रोज जाता-येता दिसतात, आणि लिहून आणलेला कागद तो पुन्हा कधी परत सरकवत नाही.

वाचकहो, आपापला धर्म मानायची मोकळीक आपल्याला हवीच. पण तीच मोकळीक शेजाऱ्याला नाकारली, तर आपण आपल्याच माणसांची थडगी पुसत असतो. हे कळायला उशीर झाला, की मागितलेली माफीही पदरात पडत नाही.

त्या वर्षी म्हातारीने फुलं सहा थडग्यांवर ठेवली.