तिसरं शील

मयुरीने, माझ्या नणंदेच्या मुलीने, मोबाइलवर कोरियन सिनेमा लावला तेव्हा मी मेथी निवडत होते. त्यातला पाद्री रक्त पिणारा पिशाच्च होतो. देव सोडवत नाही, भूक सुटत नाही, आणि वर एका बाईत जीव अडकलेला.

"मामी, तुमी रडून राह्यल्या काय?"

"कांदा झोंबला," मी म्हटलं. ताटात कांदा नव्हताच. पोरगी फिदीफिदी हसली, तशी मी तिला लसूण सोलायला बसवलं.

खरं सांगायचं तर मी थकले होते. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. यंदा मोताळ्याच्या आमच्या विहारात भन्ते धम्मरत्न पावसाळ्याच्या वर्षावासाला मुक्कामी आले आणि भोजनदानाचा डबा माझ्या घरून जाऊ लागला. बारानंतर भिक्खू जेवत नाहीत, म्हणून मी लवकरच पोचायची. मी वाढायला वाकले की त्यांचा हात थांबायचा. मला ते हवे होते. अंगावरचं चीवर उतरवून, माझ्या घरात.

पौर्णिमेला पांढऱ्या साड्या नेसून आम्ही बाया एका दिवसाचं अष्टशील घ्यायला बसलो. भन्ते म्हणतील ते मागून म्हणायचं. रोजच्या पंचशीलात तिसरं शील 'कामेसु मिच्छाचारा', म्हणजे व्यभिचार नको, संसार चालतो. अष्टशीलात त्याच जागी 'अब्रह्मचरिया' येतं, म्हणजे पूर्ण ब्रह्मचर्य. तिथे संसाराचं नावच नाही. भन्ते माझ्याकडे बघत म्हणाले, "कामेसु मिच्छाचारा..."

बाया सवयीने म्हणून मोकळ्या झाल्या. मी मान वर केली. संसारी माणसाचं शील आलं होतं त्यांच्या तोंडून. गप्प बसले असते तर ते माझ्या दारात आले असते. आणि त्या पाद्र्यासारखे जन्मभर उपाशी चेहऱ्याने माझ्या घरात वावरले असते. ते मला बघवलं नसतं.

"भन्ते," मी म्हटलं, "आज अष्टशील हाय."

त्यांनी डोळे मिटले. मग सावकाश बरोबर शब्द म्हटला. मागून आम्हीही.

"आमच्या त ध्यानातच नाई आलं व माय," शेजारच्या सिंधूताई कौतुकाने म्हणाल्या.

निघताना भन्ते खाली बघत म्हणाले, "उपासिका, उद्यापासून डबा सिंधूताईंकडून येऊ द्या."

"हाव, भन्ते."

बाकीच्या दोन्ही शब्द सारखेच उच्चारून निवांत घरी गेल्या. मी एका शब्दाने त्यांना चीवरात परत घातलं होतं, आणि मला मोठ्याने रडायचं होतं. पण घरी मयुरी होती. उपोसथ, म्हणजे पौर्णिमेचा उपास, म्हणून चूल बंद, कांद्याचं निमित्तही नव्हतं.